मुठीएवढं अंतर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्या साहेबांच्या हाताखाली सतरा वर्षं काढली त्यांनाही नाही. तसं पाहिलं तर सोयाबीनच्या दोन झाडांत किती अंतर असावं, एवढीच ती गोष्ट. कुणी मेलं नाही, कुणाचं घर जळलं नाही. मग इतकी वर्षं ती माझ्या घशाखाली का उतरत नाही? तुम्ही ऐकून घेताय म्हणून सांगतो. मध्ये अडखळलो, भलतंच काही बोलत बसलो, तर समजून घ्या — मुद्द्यावर यायला मला वेळ लागणार आहे.

माझं नाव बशीर. जुन्नरच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. मापाची टेप त्यांच्या गळ्यात जेवतानाही असायची. मी शिंपी झालो नाही, पण मापाचा तोरा मात्र घेतला. बियाण्यांवर काम करणाऱ्या एका खासगी संस्थेत मी प्रक्षेत्र सहायक होतो. शेतकऱ्यांच्या रानात संस्थेचे प्रयोग लावायचे, झाडं मोजायची, उंची मोजायची, शेंगा मोजायच्या आणि सगळं वहीत उतरवायचं, हे माझं काम. अख्ख्या संस्थेत माझी वही सुबक. साहेब नव्या पोरांना ती दाखवायचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं सगळं त्या वहीवरच गेलं.

त्या वर्षी आमचा प्रयोग होता सोयाबीनच्या दाटीचा. चार वाण, तीन अंतरं, दर अंतराचे तीन-तीन प्लॉट. दोन ओळींमधली जागा सगळीकडे सारखी, पण ओळीतल्या दोन झाडांत कुठे पाच सेंटिमीटर, कुठे दहा, कुठे पंधरा. काही वाण दाटीत चांगले येतात, उभे सरळ वाढतात, एकरी झाडं जास्त म्हणून उतारा जास्त. काहींना बुंध्यापासून फांद्या फुटतात. त्यांना मोकळी जागा दिली तर एकेक झाड शेंगांनी लगडतं, आणि कोंबून लावलं तर उजेडासाठी उंच-उंच पळतं, बारीक होतं आणि पावसात आडवं होतं. लोळतं, म्हणतात आमच्याकडे. कुठल्या वाणाला किती जागा द्यायची एवढंच आम्हाला शोधायचं होतं.

चारपैकी तीन वाण बाहेरून आलेले. चौथा लोणीच्या अनुसयामावशींचा.

मावशी तेव्हा साठीच्या जवळपास असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगा, दत्ता. कालव्याचं पाणी न पोचणारं चार एकर रान. एका वर्षी विकत आणलेल्या बियाण्यात त्यांना चार झाडं वेगळी दिसली. बुंध्यापासून फांद्या फुटलेली, आणि काढणी लांबली, ऊन तापलं तरी शेंगा न तडकलेली. ज्यानं सोयाबीन केलंय त्याला हे काय आहे ते कळेल. शेंग रानातच तडकली की दाणे मातीत. मावशींनी ती चार झाडं वेगळी काढली, दाणे फडक्यात बांधून ठेवले, पुढच्या वर्षी बांधाच्या कडेला लावले. चार झाडांवरून नऊ-दहा वर्षांत त्यांनी बी वाढवत नेलं. आसपासची पंधरा-वीस घरं त्यांच्याकडून बी न्यायची. ‘अनुसयाचं बी’ हेच त्याचं नाव.

पेरायची त्यांची रीत ठरलेली होती. एक दाणा टोकायचा, शेजारी मूठ टेकवायची, मुठीच्या पलीकडे दुसरा दाणा. मला म्हणाल्या होत्या, “भाऊ, हिला हातपाय पसराय जागा लागती. मूठभर जागा द्या, मग बघा.” मी त्यांची मूठ टेपनं मोजली होती. साडेनऊ सेंटिमीटर भरली. हसलो होतो मी. बरोबर होती ना मूठ — म्हणून हसलो की काय, आता आठवत नाही.

प्रयोग त्यांच्याच अर्ध्या एकरात लावला. तीन अंतरांसाठी गाठी मारलेल्या तीन दोऱ्या मी घरी वडिलांच्या कापायच्या टेबलावर बसून केल्या होत्या. बी एकमेकांत मिसळू नये म्हणून एकेक वाण घेऊन त्याचे सगळे प्लॉट आधी उरकत होतो. मावशींचं बी शेवटी राहिलं. दिवस कलला होता, बायका दमल्या होत्या, आणि मला मंचरहून जुन्नरची गाडी पकडायची होती. दर प्लॉटला दोरी बदलण्यात वेळ जातो. मी म्हटलं, यांचे नऊच्या नऊ प्लॉट पाचाच्या दोरीनं टोकून टाकू. पंधरा-वीस दिवसांनी येऊन जास्तीची झाडं उपटू, दहाचे दहा करू, पंधराचे पंधरा करू. विरळणी म्हणतात त्याला. त्यात गैर काही नाही, सगळेच करतात. पाट्या मात्र तेव्हाच ठोकल्या — पाच, दहा, पंधरा.

विरळणीला मी गेलो नाही.

का गेलो नाही? पाऊस लागला होता, ते खरं. काळ्या रानात पाय रुततो, तेही खरं. पण गाड्या चालू होत्या. त्या आठवड्यात जुन्नरला बसून मी काय केलं ते सांगतो. ऑफिसच्या मागच्या खोलीत कॅरम खेळलो. चार जण मिळून रोज दुपारी. एवढंच कारण आहे, दुसरं कुठलंही नाही.

आणि मावशींचा फोन आला होता. दत्ताच्या मोबाईलवरून. “भाऊ, लई दाटी झालीया. तुमी येताय का? न्हाईतर आमीच उपटतो, आमाला काय अवघाड न्हाई.”

मी म्हणालो, “हात लावायचा नाही मावशी. ते प्रयोगाचं रान आहे. मोजमापाचं काम आहे, माझं मीच करणार.”

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. मापाच्या माणसाचं वाक्य! त्यांना मी उपटू दिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. मुठीनं त्यांनी माझ्या दोरीपेक्षा बरं काम केलं असतं. पण मी अडवलं, आणि त्या थांबल्या. स्वतःच्या रानात, स्वतःच्या पिकाला हात लावायचा नाही म्हणून थांबल्या. प्रयोगाचा मान ठेवला त्यांनी. मी कॅरमचा ठेवला.

पुढे गेलो तेव्हा दीड महिना उलटला होता. पीक गुडघ्याच्या वर, मुळं एकमेकांत गुंतलेली. आता उपटून काही उपयोग नव्हता. एक मीटर ओळीत झाडं मोजली. वीस, एकोणीस, वीस. दहाच्या पाटीला दहा हवी होती, पंधराच्या पाटीला सहा-सात.

इथं थांबता आलं असतं. प्रयोगात प्लॉट वाया जातात — कुठे डुकरं शिरतात, कुठे पाणी साचतं. तसे प्लॉट रद्द दाखवायला वहीत वेगळा रकाना असतो. तिथं सहा प्लॉटांपुढे रद्द लिहिलं असतं, तर साहेब दोन दिवस तोंड फिरवून राहिले असते. बस, दोन दिवस.

मी बांधावर बसलो, पेन काढलं आणि लिहिलं — विरळणी वेळेवर केली. खाली आकडे. दहा, नऊ, दहा. सात, सहा, सात. खोटे आकडे कसे लिहायचे ते मला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. सगळीकडे सारखा आकडा लिहायचा नाही. कुठे एक कमी, कुठे एक जास्त ठेवायचा, म्हणजे खरा वाटतो. अक्षर नेहमीसारखंच आलं. मावशी आणि दत्ता त्या महिन्यात दिवसभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला जात होते; मी मध्ये येऊन गेलो नाही हे त्यांना ठामपणे सांगता आलं नसतं.

मग भादव्यात तीन दिवस वाऱ्यापावसानं झोडपलं, आणि मावशींचे नऊच्या नऊ प्लॉट आडवे झाले. बाकीचे वाण उभे. खालच्या शेंगा चिखलात कुजल्या. त्यानंतर आठवड्याभरात शिवारफेरी होती. आसपासचे चाळीसेक शेतकरी, साहेब, मी आणि माझी वही.

साहेब बांधावरून बोलत होते. बूट नवे होते, खाली उतरले नाहीत. आडव्या पडलेल्या पिकात फूटभर ओळीत किती बुंधे आहेत ते बांधावरून दिसत नाही. ते पंधराच्या पाटीपाशी थांबले आणि म्हणाले, “हे बघा. इतकी मोकळी जागा देऊनही लोळलंय. म्हणजे दोष अंतराचा नाही, वाणाचाच आहे.”

मावशी पुढे झाल्या. “साहेब, माझ्यात कदी लोळली न्हाई ती. हितं दाटी हाय की. लई दाट हाय हितं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, सहज. “बशीर, विरळणी झाली होती ना?”

“हो सर.”

दोन शब्द. आवाजही चढला नाही.

साहेब वाईट माणूस नव्हता. हसून म्हणाले, “मावशी, नजर चुकते माणसाची. वही चुकत नाही.” लोक हसले. जे इतकी वर्षं त्यांचंच बी पेरत होते तेही हसले. मावशी खाली उतरून बुंधे दाखवायला निघाल्या, तर दत्तानं त्यांचा दंड धरला. म्हणाला, “आये, बास आता. लोकं हसत्यात.” त्या थांबल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

माझ्या खोट्या दोन शब्दांनी काय झालं ते आता ऐका. हंगाम संपल्यावर त्यांचं बी न्यायला कुणी आलं नाही. ज्यांच्या घरात होतं त्यांनी ते मोंढ्यावर नेऊन घातलं, तेलाच्या गिरणीसाठी. दत्तानं घरची पोतीही घातली. पुढच्या जूनमध्ये मावशींच्या रानात पिशवीतलं विकतचं बी पडलं. संस्थेच्या अहवालात एक ओळ छापून आली — हा वाण विरळ लागवडीतही लोळतो, सबब शिफारस नाही. ती ओळ अजून तिथं आहे. माझ्या नऊ प्लॉटांच्या जोरावर आहे.

आणि एक गोष्ट, जी मला पुरेपूर ठाऊक होती. ज्वारी-बाजरीचं बी ठेवलं तर टिकतं. सोयाबीनचं टिकत नाही. पातळ साल असते, एक उन्हाळा काढला की निम्मं गेलं, दुसऱ्यात जवळपास सगळं. म्हणजे खरं बोलायला मला मुदत होती. आणि माझ्याकडे बी होतं. पेरणीतून उरलेलं पावशेर, वडिलांनी शर्टाच्या उरलेल्या कापडातून शिवलेल्या पिशवीत, माझ्या टेबलाच्या खालच्या खणात. पहिला उन्हाळा गेला. कितीदा तो खण उघडला असेन — पंच घ्यायला, डिंक घ्यायला. पिशवी बाजूला सरकवायचो आणि हवं ते काढून खण लावायचो. लोणीला जाऊन नुसती ती पिशवी दारात ठेवली असती तरी चाललं असतं. काही बोलायचीही गरज नव्हती. पण मग त्यांनी ते मुठीनं लावलं असतं, ते उभं राहिलं असतं, आणि कुणीतरी विचारलं असतं — मग त्या वर्षी का लोळलं?

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीआधी, बाजारच्या दिवशी मावशी जुन्नरच्या ऑफिसात आल्या. दोन गाड्या बदलून. माझ्यासमोर खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. घरचं विचारलं. मग म्हणाल्या, “भाऊ, तुमच्यापाशी माझं मूठभर बी असंल का? कुणाकडंच ऱ्हायलं न्हाई. दाराला दार इचारून आले.”

मी म्हणालो, “आता कशाला मावशी?”

“धंदा कराय न्हाई. मला एकदा बघायचं हाय. माझीच नजर चुकली व्हती का, एवढंच बघायचं. तुमच्या वहीत व्हतं म्हंजी खरंच असंल. पर मला ते दाट दिसलं व्हतं, भाऊ. तवापास्नं रानात गेले की मी कशाकडं बी बघते आन् मला वाटतं, मला दिसतंय ते खरं हाय का न्हाई?”

मग म्हणाल्या, “त्या दिशी समदी हसली. तुमी एकटंच हसला न्हाई. म्हणून तुमच्याकडं आले.”

माझा गुडघा खणाला टेकलेला होता.

मी म्हणालो, “नाही मावशी. नमुने सगळे पुण्याला गेले.”

त्या गेल्या. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायलाही गेलो. मग येऊन खण उघडला. पिशवी उंदरांनी कुरतडली होती, बरंचसं बी खाल्लं होतं. दाणे टेबलावर ओतून मोजले — शंभराला तीन कमी.

का मोजले? कारण मनात आलं की हे सगळं एव्हाना मेलेलंच असणार. मेलेलं असेल तर मी खोटं बोललो ते कुणाच्या काय आड आलं? हे तपासायची रीत आमच्याकडे साधी आहे. गोणपाट ओलं करायचं, त्यावर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, दोन्ही वेळ पाणी शिंपडायचं. आठवड्यात मोड आले ते जिवंत, बाकी मेले. शेतकऱ्यांना हे मीच शिकवत असे. मी ती गुंडाळी घरी नेली आणि मागच्या मोरीजवळ ठेवली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. प्रार्थना म्हणावी इतक्या मनापासून वाटत होतं — एकही उगवू नये. हेही आजवर कुणाला बोललो नाही.

सातव्या दिवशी सकाळी गोणपाट उलगडलं. बहुतेक दाणे कुजून चिकट झाले होते, वास येत होता. कडेच्या ओळीत पांढरे मोड दिसले. मी बोट ठेवून मोजले. पुन्हा मोजले.

सात.

चांगले, जाड, मुळाचं टोक शाबूत असलेले सात. कुंडीत मातीखाली लोटले असते तर चौथ्या दिवशी वर आले असते. मावशींनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे चार झाडं होती. हे मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं, आणि मी ते माझ्या सुबक अक्षरात वहीत लिहून घेतलं होतं. त्या क्षणी ते मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. तेच आठवलं.

मी गोणपाट उचललं आणि गल्लीच्या तोंडाला बांधलेल्या शेळीपुढे झटकलं. ती आधी हुंगत राहिली. मग मोडच तेवढे वेचून खाल्ले. मी तिथंच उभा राहिलो — सगळे गेले की नाही ते बघायला.

पुढच्या बाजारी मावशी पुन्हा आल्या. म्हणाल्या, सहज आले व्हते, म्हटलं इचारावं. मी म्हणालो, “मावशी, सगळीकडे बघितलं. माझ्याकडे एक दाणा नाही.” हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला त्यांच्या डोळ्यांत बघून सांगता आलं.

“बरं. बघितलंत, हेच लई झालं,” त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या, घरच्या, माझ्यासाठी आणलेल्या. टेबलावर ठेवल्या आणि स्टँडकडे गेल्या.

शेंगा खमंग होत्या. त्या दुपारी मागच्या खोलीत कॅरम खेळताना आम्ही चौघांनी त्या संपवल्या.